‘गाडी अपडेट करून टाकू का, मॅडम?’

फोनवर दर आठवड्याला काही ना काही ‘अपडेट’ येतंच. आपण काय करतो? ‘नंतर आठवण करा’ दाबतो आणि परत रील बघायला लागतो. फार तर रात्री फोन चार्जिंगला लावताना एकदाचं ‘हो’ म्हणून टाकतो. बिघडलं तर बिघडलं, फोनच तर आहे! पण हाच प्रश्न तुमच्या घरच्या कारबद्दल विचारला तर? तोही तिच्या गिअरबॉक्सबद्दल? आणि उत्तर पाच मिनिटांत द्यायचं असेल तर?

आमच्या घरी नेमकं हेच झालं.

आमची गाडी पाच वर्षांची, ऑटोमॅटिक. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डाव्या पायाने क्लच दाबणं जमेना, म्हणून घेतलेली. पण ती खऱ्या अर्थाने चालवायला लागली आई. वयाच्या ४९व्या वर्षी तिने लायसन्स काढलं आणि धायरीहून वारज्याच्या शाळेत रोज स्वतः गाडी घेऊन जायला लागली. स्टाफरूममध्ये तिचा काय भाव वाढला होता म्हणून सांगू! माझं लायसन्स म्हणाल तर जेमतेम सहा महिन्यांचं. त्यामुळे गाडीच्या बाबतीत घरात माझा नंबर तिसरा.

दिवाळीनंतर गाडी विचित्र वागायला लागली. सर्व्हिस रोडवरून हायवेला लागताना अॅक्सिलरेटर दाबला की ती क्षणभर विचारात पडायची. एक... दोन... आणि मग धाडकन गिअर टाकून उडी मारायची. पुण्यातल्या ज्या वाचकांना नवले पुलाचा उतार माहीत आहे, त्यांना ही दोन सेकंदं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. मागून भरलेला ट्रक येत असतो, त्याचा हॉर्न थेट कानात वाजतो आणि आपली गाडी जागेवर ढिम्म.

आईने सर्व्हिस सेंटरला दोनदा तक्रार केली. दोन्ही वेळा उत्तर एकच : ‘मॅडम, तुम्ही नवीन आहात ना, ऑटोमॅटिकची सवय व्हायला वेळ लागतो.’ दुसऱ्यांदा हे ऐकून आल्यावर आई काहीच बोलली नाही. पुढच्या सोमवारी तिने गाडीची चावी खुंटीवरच ठेवली आणि बसने शाळेत गेली. ‘मलाच जमत नसेल गं,’ एवढंच म्हणाली.

मग आली सर्व्हिसिंगची वेळ. गाडी सोडायला मी गेले होते, त्यामुळे फोनही मलाच आला. ‘मॅडम, तुमच्या गाडीच्या टीसीयूला कंपनीकडून अपडेट आलंय. फ्री आहे. करून टाकू का?’ मी घरच्या ग्रुपवर टाकलं. बाबांचं उत्तर आलं, ‘चालतेय ना? मग हात लावायचा नाही.’ आईचं आलं, ‘करून टाका.’ आणि मी? मी फोनवर सांगितलं, ‘पाच मिनिटांत कळवते.’ कळवायला आठ दिवस लागले. गाडी त्या दिवशी अपडेट न करताच घरी आली, आणि मी जे कॉलेजात शिकतेय ते करायला घेतलं : प्रश्न विचारायला.

हे टीसीयू काय प्रकरण आहे?

टीसीयू म्हणजे ट्रान्समिशन कंट्रोल युनिट, गिअरबॉक्सचा छोटासा कॉम्प्युटर. आमच्या गाडीत आहे तो एएमटी. भारतात हा प्रकार २०१४मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून घरोघरी पोहोचला. यात गिअरबॉक्स साध्या मॅन्युअल गाडीचाच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम आपल्या हातापायांऐवजी एक यंत्रणा करते. कधी करायचं, हे टीसीयू ठरवतो. गाडीचा वेग किती, इंजिन किती फिरतंय, तुम्ही अॅक्सिलरेटर किती दाबलाय, हे सगळं तो सतत वाचत असतो आणि आत लिहून ठेवलेल्या तक्त्यानुसार निर्णय घेतो. अपडेट म्हणजे हा तक्ता, ही नियमावली बदलणं.

आणखी एक गंमत. टीसीयू शिकतसुद्धा असतो. क्लचची प्लेट झिजत जाते तसा क्लच ‘पकडतो’ तो बिंदू सरकत जातो. टीसीयू तो बिंदू लक्षात ठेवतो आणि त्याप्रमाणे स्वतःला जुळवून घेतो. अपडेट केल्यावर बऱ्याचदा ही आठवण पुसली जाते आणि मशीनला क्लचशी नव्याने ओळख करून द्यावी लागते. म्हणूनच अपडेटनंतर पहिले काही दिवस गाडी परक्या घरात आल्यासारखी वागू शकते.

आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या काकांनी हे फार सोप्या शब्दांत सांगितलं : ‘सॉफ्टवेअर म्हणजे भाजीची कृती. कृती बदलली तर भाजी सुधारेल. पण कढईलाच भोक असेल तर?’

बाबा का घाबरतात?

बाबांचं म्हणणं मला सुरुवातीला ‘जुन्या पिढीचं’ वाटलं होतं. पण शोधायला लागल्यावर लक्षात आलं की त्यांची भीती अगदीच हवेतली नाही.

तुमच्या-माझ्या ओळखीचं उदाहरण घ्या. जुन्या आयफोनची बॅटरी थकली की अपडेटमधलं सॉफ्टवेअर फोनचा वेग कमी करतं, हे अॅपलने डिसेंबर २०१७मध्ये मान्य केलं. फोन अचानक बंद पडू नये म्हणून असं केलं, हे कंपनीचं स्पष्टीकरण. पण फोन वापरणाऱ्यांना ते आधी कोणी नीट सांगितलं नव्हतं. अमेरिकेतला खटला मिटवायला २०२०मध्ये अॅपलने ५० कोटी डॉलरपर्यंत रक्कम द्यायची तयारी दाखवली.

गाड्यांचं उदाहरण तर याहून मोठं. फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांमध्ये प्रदूषण चाचणीला फसवणारं सॉफ्टवेअर टाकल्याचं सप्टेंबर २०१५मध्ये उघड झालं. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांचा प्रश्न होता. भारतातही सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या गेल्या. त्यातल्या असंख्य गाड्यांसाठी उपाय काय निघाला? अपडेट! आणि कहर म्हणजे १४ जुलै २०२२ रोजी युरोपियन संघाच्या न्यायालयाने या ‘दुरुस्ती’च्या सॉफ्टवेअरवरच बोट ठेवलं. बाहेरचं तापमान १५ ते ३३ अंशांच्या मध्ये असेल तेव्हाच ते धूर पूर्ण क्षमतेने साफ करत होतं. हे सॉफ्टवेअर दुरुस्तीच्या वेळी, म्हणजे गाडी विकल्यानंतर टाकलंय, म्हणून ते चालेल असं नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

मथितार्थ काय? कंपनी अपडेट देते तेव्हा ते तुमच्या भल्यासाठी असू शकतं, कायद्यासाठी असू शकतं, किंवा वॉरंटीचा खर्च वाचवण्यासाठीही असू शकतं. तिन्ही एकत्रही असू शकतात. म्हणून ‘फ्री आहे’ हे काही ‘का?’ या प्रश्नाचं उत्तर होत नाही.

आई का चिडते?

आता आईची बाजू. ‘तुमच्या चालवण्यात दोष आहे’ हे वाक्य ऐकणारी ती जगातली पहिली नाही.

ऑस्ट्रेलियात फोर्डने फोकस, फिएस्टा आणि इकोस्पोर्ट या गाड्यांमध्ये ‘पॉवरशिफ्ट’ नावाचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स दिला होता. अशा जवळपास ७० हजार गाड्या तिथे विकल्या गेल्या. गाडी थरथरते, हिसके देते, अशा तक्रारी यायला लागल्या. अनेक ग्राहकांना सांगण्यात आलं की हे तुमच्या चालवण्याच्या पद्धतीमुळे होतंय. वास्तविक गिअरबॉक्समध्ये अडचण आहे, हे कंपनीला ठाऊक होतं. तिथल्या ग्राहक आयोगाने प्रकरण कोर्टात नेलं आणि एप्रिल २०१८मध्ये फेडरल कोर्टाने फोर्डला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. दंड कशाचा, हे नीट वाचा : तक्रार करणाऱ्या ग्राहकांना जी वागणूक दिली, तिचा.

मी हे आईला वाचून दाखवलं. तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाली, ‘परत वाच.’

सॉफ्टवेअरने खरंच दुरुस्त होतं?

होतं. पण सगळं नाही.

होय म्हणणारं उदाहरण होंडाचं. ऑगस्ट २०११मध्ये होंडाने अमेरिकेत सुमारे १५ लाख ऑटोमॅटिक गाड्या परत बोलावल्या. गाडी बर्फात किंवा चिखलात रुतली की लोक काय करतात? रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह, परत रिव्हर्स, असं भराभर करून गाडी झुलवतात. आपल्याकडे पावसाळ्यात कोकणात गेलेल्या कोणालाही हे माहीत आहे. त्या धक्क्यांनी आतलं एक बेअरिंग तुटू शकत होतं, आणि मग इंजिन बंद पडण्याची किंवा गाडी ‘पार्क’मध्ये नीट न अडकण्याची भीती होती. उपाय म्हणून नवा पार्ट बसवला नाही, तर सॉफ्टवेअर बदललं, जेणेकरून गिअर बदलताना धक्का कमी बसेल. २०१५मध्येही होंडाने अमेरिकेत सिव्हिक आणि फिट मिळून १ लाख ४० हजारांहून जास्त सीव्हीटी गाड्या अशाच अपडेटसाठी बोलावल्या. आतला एक शाफ्ट तुटू नये हा त्यामागचा हेतू. अशा वेळी ‘मी अपडेट करणार नाही’ म्हणणं म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणं.

नाही म्हणणारं उदाहरण फोक्सवॅगनच्याच सात गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्सचं. १५ मार्च २०१३ला, जागतिक ग्राहक दिनी, चीनच्या सरकारी वाहिनीने या गिअरबॉक्सच्या तक्रारी दाखवल्या आणि काही दिवसांत कंपनीने तिथल्या ३ लाख ८४ हजार १८१ गाड्या परत बोलावल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जगभरातल्या १६ लाख गाड्यांच्या गिअरबॉक्समधलं तेल बदलायचं ठरलं. उष्ण आणि दमट हवेत सिंथेटिक तेलामुळे आत विजेचा बिघाड होऊ शकत होता, म्हणून त्याऐवजी मिनरल तेल. म्हणजे इथे कृती ठीक होती, तेलच चुकलं होतं. कितीही अपडेट मारा, तेल काही बदलणार नाही.

थोडक्यात, झिजलेला क्लच, गळणारं सील, खराब झालेला सेन्सर हे सॉफ्टवेअरने बरे होत नाहीत. फार तर काही दिवस झाकले जातात. वॉरंटी संपेपर्यंत झाकले गेले, तर नुकसान तुमचंच.

रिकॉल की नुसतं अपडेट?

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि तो आपण विचारतच नाही.

सुरक्षेसाठी गाडी परत बोलावली असेल तर तो ‘रिकॉल’. मोटार वाहन कायद्यात २०१९मध्ये कलम ११०-ए आलं आणि सदोष गाड्या परत बोलावण्याचे नियम १ एप्रिल २०२१पासून लागू झाले. ठरावीक प्रमाणात तक्रारी आल्या तर सरकार कंपनीला रिकॉल करायला लावू शकतं आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंडही करू शकतं. तुमच्या गाडीला रिकॉल असेल तर विचार करत बसू नका, दुरुस्ती करून घ्या. त्याचे पैसे लागत नाहीत.

पण बऱ्याचदा जे येतं ते असतं ‘सर्व्हिस कॅम्पेन’ किंवा डीलरला पाठवलेली तांत्रिक सूचना. गाडी सर्व्हिसिंगला आली की बघा, तक्रार असेल तर अपडेट करा, अशा स्वरूपाची. इथे निवड तुमची असते. आमचं प्रकरण या दुसऱ्या प्रकारातलं निघालं. गाडीला रिकॉल आहे का, हे कसं बघायचं? आरसी बुकवर १७ अक्षर-आकड्यांचा चॅसिस नंबर असतो. बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर तो टाकला की कळतं. दोन मिनिटांचं काम आहे. आजच करून बघा.

मग आम्ही काय केलं?

आठ दिवसांच्या या संशोधनानंतर घरात मीटिंग झाली. बाबा म्हणाले, ‘एकदा टाकलं की परत जुनं करता येत नाही म्हणतात.’ खरंय. जुनी आवृत्ती परत टाकायची सोय डीलरकडे सहसा नसते. आई म्हणाली, ‘आणि नाही टाकलं तर? त्या उतारावर रोज मी असते, तुम्ही नाही.’ यावर बाबा गप्प. मग ठरलं : अपडेट करायचं, पण आपल्या अटींवर.

पहिली अट बाबांचीच होती, आणि तीच सगळ्यांत भारी ठरली. अपडेटच्या आधी सर्व्हिस सेंटरच्या माणसाने आईच्या शेजारी बसायचं. आई चालवणार, तो बघणार.

शनिवारी सकाळी आम्ही गेलो. सिनिअर टेक्निशियन पुढे बसले, मी आणि बाबा मागे. सर्व्हिस रोड, वळण, हायवे. आईने अॅक्सिलरेटर दाबला. एक... दोन... धाडकन! मागून टेम्पोचा हॉर्न. टेक्निशियन काकांनी डॅशबोर्डवरचा हात काढला आणि म्हणाले, ‘हो मॅडम. हे गाडीचंच आहे. तुमचं काही चुकत नाहीये.’

आई सिग्नलपर्यंत काही बोलली नाही. सिग्नलला गाडी थांबवल्यावर म्हणाली, ‘हेच लिहून द्याल का जॉब कार्डवर?’

त्यांनी लिहून दिलं.

मग स्कॅनर लावून क्लच किती झिजलाय ते आधी पाहिलं. अजून बरंच आयुष्य शिल्लक होतं. म्हणजे कढई शाबूत होती, कृतीच बदलायची होती. अपडेट चालू असताना बॅटरीला चार्जर लावला होता. मध्येच व्होल्टेज पडलं तर टीसीयू अर्धवट अवस्थेत अडकू शकतो आणि मग गाडी जागची हलत नाही, असं त्यांनीच समजावलं. सगळं मिळून तासाभराचं काम. जुन्या आणि नव्या सॉफ्टवेअरचे नंबर मी जॉब कार्डवर लिहून घेतले.

आता निकाल. पहिले दोन दिवस गाडी चक्क आधीपेक्षा वाईट चालली! बाबांच्या चेहऱ्यावर ‘मी म्हणत होतो ना’ स्पष्ट दिसत होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ती रुळली. हायवेला लागताना आता ‘एक’ म्हणेपर्यंत गिअर पडतो, ‘दोन’पर्यंत थांबावं लागत नाही. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये मात्र पहिल्या-दुसऱ्या गिअरचे हिसके अजून आहेत. ते एएमटीच्या स्वभावातच आहेत, असं गॅरेजवाले काका म्हणतात. म्हणजे चमत्कार वगैरे काही झाला नाही. पण जो त्रास जिवावर बेतणारा होता, तो कमी झाला.

‘हो’ म्हणण्याआधी हे विचारा

• हा सुरक्षेसाठीचा रिकॉल आहे की साधं अपडेट? उत्तर मेल किंवा मेसेजवर मागा.
• या अपडेटने नेमकं काय बदलणार? मायलेज किंवा पिकअपवर परिणाम होईल का?
• माझी जी तक्रार आहे, तिच्यासाठीच हे आहे का? तक्रार आपल्या शब्दांत जॉब कार्डवर लिहून घ्या. शक्य असेल तर मागे बसलेल्या कोणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. चालवता चालवता स्वतः काढू नका!
• आधी क्लच, तेल आणि सेन्सर तपासणार का?
• नाही म्हटलं तर वॉरंटीवर परिणाम होईल का? हो म्हटल्यावर बिघाड झाला तर जबाबदारी कोणाची? दोन्ही उत्तरं लेखी घ्या.
• अपडेटनंतर क्लचची ‘लर्निंग’ प्रक्रिया करणार का? जुन्या-नव्या सॉफ्टवेअरचा नंबर लिहून द्याल का?
• वॉरंटी संपत आली असेल तर तक्रार संपायच्या आधी नोंदवा.
• कोणी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

नव्या गाड्यांमध्ये तर आता सर्व्हिस सेंटरला जायचीही गरज उरलेली नाही. पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीला इंटरनेटवरून अपडेट येतं आणि स्क्रीनवर तेच ओळखीचं बटण दिसतं : ‘आता’ की ‘नंतर’? तुमच्यापैकी अनेक जण येत्या काही वर्षांत आपली पहिली गाडी घ्याल. तेव्हा हा प्रश्न तुम्हालाही येणार आहे, आणि घरातले सगळे तुमच्याकडेच बघणार आहेत, कारण ‘कॉम्प्युटरचं तुम्हालाच कळतं’. डोळे झाकून ‘हो’ म्हणू नका आणि घाबरून ‘नाही’ही म्हणू नका. आधी विचारा. पाच मिनिटांत उत्तर द्यायचं बंधन तुमच्यावर कोणी घातलेलं नाही.

गेल्या रविवारी आम्ही आजीकडे साताऱ्याला गेलो. बाबांनी सवयीने चावी माझ्याकडे टाकली. ती मध्येच आईने पकडली. खंबाटकी घाट चढताना मागे बसून मी मनातल्या मनात सेकंद मोजत होते. आई मात्र गाणं गुणगुणत होती.